शाखा डाकघराला रेंज कोण देणार? संचार मंत्रालयाच्या दोन खात्यांबद्दल

पाणंद

संचार मंत्रालयात दोन खाती आहेत, डाक विभाग आणि दूरसंचार विभाग. दिल्लीत एक डाक भवनात बसतं, दुसरं संचार भवनात, दोन्ही इमारती हाकेच्या अंतरावर. मंत्रीही एकच, जून २०२४ पासून ज्योतिरादित्य शिंदे. पण आमच्या गावात या दोन खात्यांची गाठच पडत नाही. त्याचा त्रास रोज माणसांना होतो, म्हणून हा धागा काढतोय.

माझ्या थोरल्या वहिनी आमच्या गावच्या शाखा डाकघराच्या पोस्टमास्तर आहेत. भुदरगड तालुका, डोंगरातलं गाव. पोस्ट त्यांच्याच ओसरीवर चालतं, कारण शाखा डाकघराला जागा पोस्टमास्तरनंच द्यायची असते. एक लोखंडी कपाट, वजनकाटा, तारखेचा शिक्का, थैली आणि हातातलं मशीन. २०१७ च्या अखेरीस शाखा डाकघरं संगणकाला जोडणारा 'दर्पण' प्रकल्प आला आणि अशी मशीनं खेड्यापाड्यातल्या शाखांना मिळाली. ऑगस्ट २०२५ पासून पोस्टाची नवी संगणक प्रणाली देशभर लागू झाली. आता बचत खातं, आरडी, सुकन्या, ग्रामीण टपाल विमा, स्पीड पोस्टाचं बुकिंग, सगळं ऑनलाइन. योजना म्हणून मला हे मनापासून पटतं.

अडचण एवढीच की ओसरीवर रेंज येत नाही. मशीनमध्ये ज्या कंपनीचं सिम आहे तिची रेंज मारुतीच्या देवळामागच्या चढावर येते. मग वहिनी मशीन, रजिस्टर आणि पैशाची पिशवी घेऊन चढ चढतात आणि मागोमाग पैसे काढायला आलेल्या बाया. तिथं एका दगडाशी उभं राहून अंगठा लावायचा. पाऊस असला की एकजण छत्री धरतो, दुसरा मशीन पुसतो, बोट ओलं असलं की अंगठा घेत नाही. ज्या आजींना चढ चढवत नाही त्यांच्यासाठी वहिनी आधी स्वतःच्या पदरचे पैसे देतात आणि व्यवहार पुढे कधीतरी, त्या आजींना कुणी गाडीवर बसवून वर आणलं की करतात. हे नियमात बसत नाही हे त्यांनाही माहीत आहे. पण औषधाला पैसे मागायला आलेल्या माणसाला माघारी कसं पाठवायचं?

१९८५ पर्यंत हे एकच डाक-तार खातं होतं. त्या वर्षी पोस्ट आणि टेलिफोन वेगळे झाले. १९८६ मध्ये मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल, २००० मध्ये बीएसएनएल. कामं वेगळी करणं बरोबरच होतं. पण शेवटच्या घरापर्यंत पोचायची जबाबदारी दोघांचीही होती आणि आहे. दूरसंचारकडे त्यासाठी स्वतंत्र निधी आहे. फोन कंपन्यांच्या महसुलातले ५ टक्के त्यासाठीच घेतले जातात. पोस्टाकडे असं काही नाही, तिथं तोटा अर्थसंकल्पातून भरतात आणि दरवर्षी तोट्यावरून बोलणी ऐकतात.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या गावात शाखा डाकघर आहे तिथं त्याच मंत्रालयाच्या पैशातून त्या डाकघराला जोडणी मिळायलाच हवी. मारुतीच्या देवळामागं नको, ओसरीवर. हे मागायचं कोणाकडे, कसं, आणि आधी कुणी मागितलंय का, जाणकारांनी सांगावं.

खांबावरचा

पाणंद, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी दूरसंचार खात्यात लाइनमन म्हणून लागलो, पुढे परीक्षा देत जेटीओ (कनिष्ठ दूरसंचार अधिकारी) झालो, सिंधुदुर्गात निवृत्त झालो. दोन्ही खाती एकत्र होती तो काळ वडिलांकडून ऐकला, ते तार ऑफिसात होते.

आधी निधीचं सांगतो. त्याचं जुनं नाव युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड, २००२ पासून सुरू, २००३ मध्ये कायद्यात आला. दूरसंचार कायदा २०२३ नंतर नाव झालं डिजिटल भारत निधी, त्याचे नियम ऑगस्ट २०२४ मध्ये निघाले. कंपन्यांकडून समायोजित महसुलाच्या ८ टक्के लायसन्स फी घेतात, त्या आठातले पाच या कामाचे. पण हा पैसा थेट निधीत पडत नाही. तो आधी भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत जातो आणि संसद मंजूर करेल तेवढाच इकडे येतो. त्यामुळे पैसा गोळा होतो पण पोचत नाही, ही ओरड जुनीच आहे.

आता टॉवरचं. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं ४-जी नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी मंजूर केले. हे काम बीएसएनएलकडे. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्यातून देशी बनावटीचं ४-जी सुरू झालं. सरकारी संशोधन संस्था सी-डॉट आणि तेजस, टीसीएस या कंपन्यांनी मिळून केलेलं आहे. आयुष्यभर बाहेरच्या कंपन्यांची कार्डं बदलत आलेल्या आमच्यासारख्यांना त्याचा अभिमान वाटतो, तो लपवणार नाही.

पण टॉवर उभा राहणं वेगळं आणि चालू राहणं वेगळं. कोकणात पावसात लाइट जाते, ती आली नाही की बॅटरी तीन-चार तास ओढते, मग डिझेल. डिझेल पोचवायला माणूस हवा. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्तीत बीएसएनएलमधून ७८ हजारांहून जास्त माणसं एकदम गेली, ३१ जानेवारी २०२० ला. माझ्या ओळखीच्या एका एक्स्चेंजमध्ये त्या संध्याकाळी किल्ल्या कुणाकडे द्यायच्या हाच प्रश्न होता. दुसरं, केबल. रस्त्याचं रुंदीकरण निघालं की जेसीबी फायबर तोडतो. मग रात्री चिखलात बसून, अंगावर ताडपत्री घेऊन, बॅटरीच्या उजेडात केसाएवढ्या काचेच्या तारा एकेक करून जोडायच्या. हे काम करणारी पोरं आता कंत्राटी आहेत आणि त्यांचे पगार वेळेवर होत नाहीत. तुमच्या वहिनींना रेंज हवी असेल तर या पोरांचाही विचार झाला पाहिजे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते टॉवरपेक्षा फायबरमध्ये आहे. भारतनेट म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची सरकारी योजना. तिचं सुधारित काम ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालं, १,३९,५७९ कोटींचं. ग्रामपंचायतींना रिंगमध्ये जोडायचं आणि ग्रामपंचायतीबाहेरच्या गावांना मागणीप्रमाणे जोडणी द्यायची. 'मागणीप्रमाणे' हा शब्द पकडा. मागणी कुणी तरी करावी लागते.

रोकडा

मी विरोधी बाजू मांडतो, राग नसावा.

बीएसएनएलला २०१९, २०२२ आणि २०२३ अशा तीन पॅकेजांत मिळून ३.२२ लाख कोटी दिले. पोस्टाचा तोटा वेगळा. हा सगळा करदात्याचा पैसा. आज गावात बँक मित्र आहे, यूपीआय आहे, कुरिअर आहे. शाखा डाकघरं तालुक्याला एकत्र केली आणि तिथं उत्तम सोय दिली तर बिघडलं काय? माझे आईवडील खेड्यातच राहतात, त्यांची काळजी मलाही आहे. पण जिथं दिवसाला चार पत्रंही येत नाहीत तिथं ऑफिस ठेवण्यापेक्षा तो पैसा रस्त्याला लावा असं मला वाटतं.

सिपना

रोकडा भाऊ, तुम्ही एकदा आमच्या धारणी तालुक्यात या. मी मेळघाटात शिक्षिका आहे.

कुरिअर आमच्या इकडे येत नाही. परतवाड्याला येऊन थांबते आणि फोन करते, 'येऊन घेऊन जा'. त्या फोनलाही रेंज पाहिजे. पोस्टाचा माणूस मात्र येते. सायकलवर, नाहीतर पायी, पावसाळ्यात नाला उतरला की येते. कोरकू कुटुंबं होळीनंतर कामाला बाहेर जातात, जाताना लेकरांचे दाखले, आधार, सगळं पोस्टमास्तरजवळ ठेवून जाणारे मी पाहिले आहेत. चार पत्रं येतात म्हणून ऑफिस मोजू नका. रोहयोची मजुरी, निराधारचे पैसे, लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये, हे सगळं त्याच एका माणसाच्या हातून होऊन राहिलं आहे. बँक तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे, एका माणसाची मजुरी जाण्यायेण्यातच जाते.

आणि ई-केवायसीचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०२५ पासून लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची केली. त्याला ओटीपी लागते. आमच्या शाळेच्या मागच्या टेकडीवर बाया दिवसभर फोन हातात धरून बसत होत्या, ओटीपी यायची तोवर वेळ संपून जायची, परत पहिल्यापासून. कधी कधी फोनला मध्य प्रदेशातल्या टॉवरची रेंज लागते, मग तेवढ्या वेळात सगळे धावतात. एक गरोदर बाई होती, तिला मी घरी पाठवलं आणि तिचा फोन मीच धरून बसले.

पाणंद, तुमच्या वहिनी एकट्या नाहीत. तुम्ही जे मागणार आहात त्यात आमचंही गाव घाला.

कायदेकानू

सातारा कोर्टात वकिली करतो. शाखा डाकघरं हवीतच, याला माझ्या धंद्यातला एक मुद्दा जोडतो.

२०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा उरली नाही, ती स्पीड पोस्टात मिसळली. स्पीड पोस्ट १९८६ चं, रजिस्टर्ड त्याच्या कितीतरी आधीचं. १ ऑक्टोबर २०२५ पासून दरही बदलले. ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक १९ रुपये, बाहेर ४७ रुपये, वर जीएसटी. आधी रजिस्टर्डची सुरुवात २५.९६ रुपयांपासून होत होती. ज्याला शेजारच्या जिल्ह्यात एक नोटीस पाठवायची आहे त्या शेतकऱ्याला हा फरक जाणवतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, रजिस्टर्ड ज्याच्या नावे असे त्याच्याच किंवा त्यानं लेखी अधिकार दिलेल्याच्या हातात पडे. साधं स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर जो असेल त्याला देता येतं. म्हणून आता स्पीड पोस्ट करताना खिडकीवर 'रजिस्ट्रेशन' वेगळं मागायचं, त्याचे ५ रुपये आणि जीएसटी. माझ्याकडे आलेल्या दोन पक्षकारांनी ते मागितलं नव्हतं, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सर्वांनी लक्षात ठेवा आणि घरच्या मोठ्यांनाही सांगा.

सामान्य कलमे अधिनियमाच्या कलम २७ मध्ये 'रजिस्टर्ड पोस्टानं' पाठवलेला कागद पोचला असं कायदा गृहीत धरतो. चेक न वटल्याच्या नोटिशीबाबत २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सी. सी. अलवी हाजी खटल्यात हेच लावलं. पत्ता बरोबर असेल आणि नोटीस रजिस्टर्ड असेल तर 'मला मिळालीच नाही' हे सांगणाऱ्यावर ते सिद्ध करायची जबाबदारी. आता मागं वळून बघा, हे सगळं कशावर उभं आहे? पोस्टमननं पाकिटावर पेनानं लिहिलेल्या शेऱ्यावर. 'घर बंद', 'घेण्यास नकार', 'गाव सोडून गेले'. गावात ग्रामीण डाक सेवक, म्हणजे शाखा डाकघराचा पोस्टमास्तर किंवा पोस्टमन, तो शेरा लिहितो तेव्हा तो न्यायाचं काम करत असतो. तो गावातला असतो, माणूस खरंच गाव सोडून गेलाय की परड्यात लपलाय हे त्याला माहीत असतं. शाखा तालुक्याला नेली की हे गेलं.

आणि त्याला मिळतात किती? ग्रामीण डाक सेवकांसाठी नेमलेल्या कमलेशचंद्र समितीनंतर २०१८ मध्ये ठरलेलं मूळ मानधन शाखा पोस्टमास्तरला चार तासांचे १२,००० आणि पाच तासांचे १४,५००. वर महागाई भत्ता, ठीक आहे. पण खात्याचा नियमित कर्मचारी म्हणून दर्जा नाही. चार तासांत हे काम होत नाही हे खात्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

पाणंद

@कायदेकानू, रजिस्ट्रेशनचं मी वहिनींना फोन करून विचारलं. म्हणाल्या, कोर्टाचा किंवा वकिलाचा कागद दिसला की त्या स्वतःहून सांगतात. पण पाकीट बंद असेल तर कळत नाही.

@रोकडा, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण हिशेब करताना पोस्ट फक्त टपालावर मोजलं तर तोटाच दिसणार. सरकारची प्रत्येक नवी योजना शेवटी त्याच ओसरीवर येते. आधार जोडायचं, मोबाइल नंबर बदलायचा, जीवन प्रमाण म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, आता ई-केवायसी. त्या कामाचं मोल पोस्टाच्या खात्यावर नीट दिसत नाही. २०१८ मध्ये पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली तेव्हापासून आमच्या गावात बँक म्हणजे वहिनीच. बंद करायचं असेल तर ती बँकही बंद होते.

@सिपना ताई, तुमचं गाव नक्की. फोन धरून बसलात ते वाचून काय बोलावं कळेना.

जुनी_तिकिटं

या मंत्रालयाच्या इतिहासात आपल्या माणसाचं एक मोठं काम आहे, ते इथे सांगितलंच पाहिजे. पिनकोड बसवला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. कोकणातले, संस्कृतचे कवी, संचार मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला.

मराठी माणसाला त्याची गरज वेगळी सांगायला नको. वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी, वडगाव मावळ, पेठ वडगाव. नुसतं 'मु. पो. वडगाव' लिहिलेलं पत्र छाटणीवाल्यानं कोणत्या थैलीत टाकावं? त्यात पत्ता कधी मोडीवळणाचा, कधी तमिळ, कधी उर्दू. वेलणकरांनी देशाचे आठ विभाग केले आणि नववा सैन्याला दिला. पहिला आकडा विभागाचा, आपला ४, त्यात गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडही. पहिले तीन मिळून छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. म्हणून मुंबई ४००, गोवा ४०३. भाषा कुठलीही असो, आकडे वाचता आले की पत्र योग्य थैलीत पडतं. पन्नास वर्षं झाली, बँका, गॅस, ऑनलाइन दुकानं, सगळे त्यावरच चालतात.

पण पाणंद यांच्या विषयाशी याचा जवळचा संबंध आहे. शाखा डाकघराला स्वतःचा पिन नसतो, तो त्याच्या वरच्या उपडाकघराचा असतो. दहा-पंधरा गावांना मिळून एक पिन. त्यामुळे नुसत्या पिनवरून तुमच्या वहिनींचं पोस्ट वेगळं ओळखूच येत नाही. मे २०२५ मध्ये डाक विभागानं डिजीपिन आणलं, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या एनआरएससी या दूरसंवेदन केंद्राबरोबर केलेलं. दहा अक्षरांचा संकेतांक, चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला एक. म्हणजे वहिनींच्या ओसरीचाही स्वतंत्र डिजीपिन आज काढता येतो. तक्रार करताना तो लिहा. 'आमच्या गावात रेंज नाही' म्हटलं की उत्तर येतं, 'गाव कव्हर्ड आहे'. कारण गावाच्या हद्दीत कुठेतरी रेंज असते, तुमच्या देवळामागच्या चढासारखी. चार मीटरचा चौकोन दिला की ते उत्तर देता येणार नाही.

खांबावरचा

जुनी_तिकिटं, लाखमोलाची सूचना. 'कव्हर्ड' या एका शब्दानं किती तक्रारी बंद झालेल्या मी आतून पाहिल्यात.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. थोडं अवांतर, पण मंत्रालय तेच आहे. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी अमेरिकेनं स्वस्त पार्सलांची करसवलत काढली आणि भारतातून इकडं येणारी पोस्टाची पार्सलं थांबली. १५ ऑक्टोबरला परत सुरू झाली, तोवर दिवाळी तोंडावर आली होती. सांगलीची आई दरवर्षी पोस्टानंच फराळ पाठवते. कुरिअरचा दर तिला परवडत नाही आणि मी पैसे देतो म्हटलं तर ती ऐकत नाही. खिडकीवरच्या बाईंनी तिला कधी सुरू होईल ते कळवायला स्वतःचा नंबर दिला होता आणि सुरू झाल्या दिवशी खरोखर फोन केला. फराळ तुळशीच्या लग्नानंतर पोचला. मला त्या बाईंचे आभार मानायचे आहेत, नाव माहीत नाही.

रोकडा

सिपना ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शाखा बंद करा यावर अडून राहवत नाही आता, कारण तुमच्याकडे दुसरं काहीच नाही हे दिसतंय. पण मार्ग म्हणून विचारतो, उपग्रह इंटरनेटचं काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकशी इरादापत्र केलंय. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम ही नावं त्यात आहेत. फायबर जेसीबी तोडतो, टॉवरला डिझेल लागतं. छपरावर एक ताटली लावली की झालं नाही का?

खांबावरचा

काही ठिकाणी तोच एकमेव मार्ग आहे हे मान्य. स्टारलिंकला दूरसंचार विभागाचं लायसन्स जून २०२५ मध्ये मिळालं. उपग्रहासाठीचं स्पेक्ट्रम लिलाव न करता प्रशासकीय पद्धतीनं द्यायचं हे २०२३ च्या कायद्यातच आहे. जिथं डोंगर आडवा येतो, दोन दरींच्या मध्ये वाडी आहे, तिथं फायबर ओढणं वर्षानुवर्षं होणार नाही. तिथं ताटलीच.

पण ताटलीलाही वीज लागते आणि वर मोकळं आकाश लागतं. भुदरगडच्या पावसात, झाडीत, जोरदार सरीत सिग्नल पडतो. दुसरं म्हणजे दरमहा पैसे कोण भरणार? ज्या पोस्टमास्तरला जागेचं पुरेसं भाडं मिळत नाही तिच्यावर तो खर्च पडता कामा नये. म्हणून निधीतून मागा. फायबर, टॉवर की उपग्रह हे त्यांनी ठरवावं. आपण मागायचं ते एवढंच की शाखा डाकघराच्या खोलीत, कामाच्या वेळात, जोडणी चालू असली पाहिजे आणि बंद पडली तर दुरुस्तीची मुदत लिहून दिलेली असली पाहिजे.

अजून एक. सप्टेंबर २०२५ मध्ये पोस्ट आणि बीएसएनएल यांच्यात करार झालाय, पोस्टातून बीएसएनएलचं सिम आणि रिचार्ज विकायचा. आसाममध्ये आधी करून पाहिलं. म्हणजे दोन्ही खाती एकत्र बसू शकतात, बसलीही आहेत. सिम विकायला जे पोस्ट चालतं, त्या पोस्टाला रेंज द्यायला काय हरकत?

एसटी_स्टँड

सगळं वाचतोय. दूरसंचार विभागाच्या एका चांगल्या कामाचा अनुभव नोंदवतो. स्टँडवर गर्दीत माझा फोन गेला. पोलिसांत तक्रार दिली, ती प्रत आणि फोनचा आयएमईआय क्रमांक घेऊन 'संचार साथी' या खात्याच्या पोर्टलवर फोन ब्लॉक केला, त्याचं ॲपही आहे. काही महिन्यांनी पोलिसांचा फोन आला, मोबाइल मिळाला. आपल्या नावावर किती सिम आहेत तेही तिथं दिसतं. महाराष्ट्रात एका माणसाला जास्तीत जास्त नऊ सिम चालतात, त्याच्या वर गेलं तर नव्या कायद्यात पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे, त्यामुळे एकदा तरी तपासा. माझ्या आईच्या नावावर एक नंबर असा निघाला जो घरात कुणीच घेतला नव्हता. तिथल्या तिथं 'माझा नाही' म्हणून कळवला.

तेच ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकून देण्याचा आदेश नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी निघाला आणि लोकांनी आवाज उठवल्यावर ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. हे मला दोन्ही अर्थानं महत्त्वाचं वाटलं. चांगली गोष्टही लोकांना विचारून द्यावी, आणि लोक बोलले तर हे मंत्रालय ऐकतं. म्हणून पाणंद, लिहाच.

पाणंद

सगळ्यांच्या प्रतिसादांवरून असं करायचं ठरवतोय.

एकट्याची तक्रार 'कव्हर्ड' म्हणून बंद होईल. म्हणून आधी माहिती अधिकार. महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे गोवा धरून, किती शाखा डाकघरांच्या जागेत मशीनला जोडणी मिळत नाही याची नोंद डाक विभाग ठेवतो का, ठेवत असेल तर उपविभागानुसार द्या, असा अर्ज डाक विभागाला. दुसरा दूरसंचार विभागाला, डिजिटल भारत निधीतून शाखा डाकघरं जोडायचा काही प्रस्ताव आला आहे का. केंद्राच्या खात्यांचे अर्ज ऑनलाइन करता येतात. ज्यांना कागदावर करायचे त्यांना १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून निवडक पोस्टांतही देता येतात, पोस्ट ते संबंधित खात्याला पुढे पाठवतं.

त्याच्या जोडीला केंद्राच्या तक्रार पोर्टलवर प्रत्येकानं आपापल्या गावाची नोंद करायची. त्याला २१ दिवसांची मुदत आहे. तक्रार दोन्ही खात्यांच्या नावे टाका, म्हणजे एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायला नको. कायदेकानू, मसुदा तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का?

त्यासाठी मला हवं आहे ते असं: शाखा डाकघराचं नाव, वरचं उपडाकघर आणि पिन, ओसरीचा किंवा खोलीचा डिजीपिन, मशीनमधलं सिम कुठलं, खोलीत रेंज येते का, नसेल तर किती लांब जावं लागतं, ग्रामपंचायतीत भारतनेट पोचलंय का आणि पोचलं असेल तर चालू आहे का. पोस्टमास्तरांचं नाव लिहू नका. त्यांना वरून त्रास होता कामा नये, वहिनींची तीच एक अट आहे. गावाचं आणि डाकघराचं नाव, पिन, डिजीपिन हेही इथे उघड नको, मला व्यक्तिगत संदेशातून द्या, इथे बाकी माहिती चालेल.

कायदेकानू

मसुदा पाठवा, रविवारी बघून देतो. माहिती अधिकारात 'का' विचारू नका, 'नोंद आहे का, प्रत द्या' असंच विचारा. प्रश्न कमी ठेवा.

खांबावरचा

भारतनेटचं तपासताना नुसता डबा लावलाय का ते बघू नका. ग्रामपंचायतीत भिंतीवरच्या पेटीत हिरवा दिवा पेटतोय का, लाल पेटतोय का, की वीजच तोडलेली आहे ते बघा. तिन्हीचा अर्थ वेगळा. फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा.

सिपना

आमचं लिहून देते, आज शाळा सुटल्यावर जाऊन पाहिलं.

तालुका धारणी. खोलीत रेंज नाही. पोस्टमास्तर दादा शाळेमागच्या टेकडीवर जातात, चालत पंधरा मिनिटं, पावसात नाल्यामुळे वळसा. ग्रामपंचायतीत पेटी आहे, दिवा कुठलाच नाही. सरपंचबाईंना विचारलं तर बिल थकलं म्हणून वीज कापलेली, पावसाळ्याआधीपासून. त्या म्हणाल्या, सोमवारी ग्रामसेवक येतात, थकबाकी भरायचा विषय घेते. शेजारच्या दोन गावांचं विचारून तेही लिहिते.